मोडशीची वाट

सन २०२४ च्या पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, सासष्टीतील कुटबण जेटीवर कॉलऱ्याची साथ उद्‌भवली. ट्रॉलरांवर राबणारे अनेक खलाशी इस्पितळात दाखल झाले. त्यांतील काहींना प्राणास मुकावे लागले. ज्या रोगाचे नाव आपण शाळेतल्या आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात वाचले आणि विसरलो, ज्याला आपल्या आज्या-पणज्या पटकी, महामारी, जरीमरी अशा नावांनी ओळखत, तो रोग उंची हॉटेले आणि रुंद रस्ते मिरवणाऱ्या गोमंतकात एकाएकी परत आला, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. आम्हांला ते तितकेसे वाटले नाही. आश्चर्य वाटावे अशी गोष्ट असलीच तर ती ही की, त्याने परत येण्यास इतकी वर्षे घेतली.

अशा प्रसंगी समाजात एक सूर हमखास निघतो. ही माणसे बाहेरून आली, भायले, दाटीवाटीने राहतात, रोग त्यांनीच आणला. त्यांना हाकला म्हणजे रोगही जाईल. हा सूर काढणारे सगळेच दुष्ट असतात असे नाही. पुष्कळसे केवळ भ्यालेले असतात. परंतु भीतीपोटी काढलेले अनुमान शास्त्राच्या कसोटीला उतरले पाहिजे. कॉलऱ्याचा जंतू माणसाच्या पोटातून येतो, हे खरे. साथ मात्र एकट्या पोटातून येत नाही. त्या पोटातून बाहेर पडलेली घाण दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचावी लागते, आणि ती वाट जागेने, म्हणजे जागेच्या धन्याने आणि कारभाऱ्याने, मोकळी ठेवलेली असते. ही वाट कशी सापडली, याची कथा मोठी आहे आणि तिचे पहिले पान आपल्या गोव्यातच लिहिले गेले आहे.

सन १५४३ मध्ये, मार्तीं आफोंस द सौझ हा गव्हर्नर असताना, गोवे शहरात एका भयंकर रोगाने थैमान घातले. गास्पार कोरेय या बखरकाराने त्याचे वर्णन करून ठेवले आहे. वांत्या, न शमणारी तहान, पायांच्या शिरांत येणारे जीवघेणे वळ, खोल गेलेली नजर, काळी पडलेली नखे, असे ते वर्णन आहे. प्रेते इतकी निघू लागली की, चर्चमध्ये मृत्यूची घंटा वाजवू नये असा हुकूम गव्हर्नरास काढावा लागला. एका मृताचे शरीर उघडून पाहण्याचीही आज्ञा झाली. वैद्यांना चुरमडलेल्या जठराखेरीज काही सापडले नाही. पुढे वीस वर्षांनी, १५६३ साली, गार्सिय द ओर्ता या वैद्याचा औषधी द्रव्यांवरील ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यात या रोगाचे जे विवेचन आहे, ते एखाद्या युरोपीय वैद्याने कॉलऱ्याची लक्षणे रुग्णाशेजारी बसून टिपल्याचे अगदी आरंभीचे उदाहरण मानले जाते.

या रोगाचे स्थानिक नाव ओर्ताने आणि कोरेयने आपापल्या कानांना भावले तसे लिहून ठेवले. मूळ शब्द आपला, ‘मोडशी’. ‘मोडणे’ या धातूचा. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशीं’ केले आणि फ्रेंचांनी त्या उच्चाराला आपल्या भाषेतला अर्थ चिकटवून ‘मोर द शियँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण, असे केले. पुढे दोनशे वर्षे युरोपीय प्रवासी या विचित्र नावाची नाना स्पष्टीकरणे देत राहिले. आज आपल्या घरांत मूल जरा अपचनाने हैराण झाले की आपण सहज ‘मोडशी झाली’ म्हणतो. एके काळी तोच शब्द ऐकून जहाजावरचे शिपाई थरथरत. शब्दांचीही विषे काळाने उतरतात.

त्या काळचे गोवे शहर, म्हणजे आजचे जुने गोवे, हे वैभवाच्या शिखरावर होते. गोवा पाहिलेल्याने लिस्बन पाहण्याची आवश्यकता नाही, अशी म्हण पोर्तुगीजांत रूढ होती. परंतु ज्यांनी एवढी उत्तुंग मंदिरे ख्रिस्तासाठी उभारली, त्यांनी मैल्याची व्यवस्था काय केली? शौचकूप आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी एकमेकींना लागून होत्या, जमीन सच्छिद्र होती, आणि वरच्या घाणीचा पाझर खालच्या झऱ्यात उतरत होता. पटकी, हिवताप आणि इतर तापांनी शहर पोखरले. सतराव्या शतकाच्या अखेरीस व्हाइसरॉय पणेलीला राहावयास गेले, १७५९ मध्ये पणजीच्या आदिलशाही वाड्यात आले, आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. मधल्या काळात जुने शहर पुन्हा वसविण्याचा प्रयत्न झाला, तोही तिथे कामाला लावलेल्या माणसांच्या मरणाने सोडून द्यावा लागला. आज आपण शवप्रदर्शनाच्या गर्दीत जी भव्य मंदिरे पाहतो, त्यांच्या भोवतीचे शहर शत्रूच्या तोफांनी पडलेले नाही. व्यापार हातचा गेला हे एक कारण होते. पण राहती माणसे तिथून उठली ती मुख्यत्वे रोगराईने.

दोष त्या काळच्या माणसांना तरी किती द्यावा? रोग दूषित हवेमुळे होतात, कुजक्या दुर्गंधीतून बाष्परूपाने पसरतात, असेच साऱ्या जगाचे मत होते. हे मत पुढे तीनशे वर्षे टिकले. १८१७ साली बंगालमधील जेसोरकडून निघालेली पटकी जेव्हा देशोदेशी पोहोचली, तेव्हा लंडन-पॅरिसचे विद्वानही हवेलाच दोष देत होते.

पाण्याकडे बोट दाखविले ते जॉन स्नो या इंग्रज डॉक्टराने. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटवर कॉलऱ्याचा भडका उडाला आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. स्नोने घरोघर जाऊन मेलेल्यांची ठिकाणे नकाशावर मांडली. बहुतेक सारे त्याच रस्त्यावरील एका हातपंपाचे पाणी पिणारे निघाले. त्याच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. ही गोष्ट बहुश्रुत आहे. तिचा पुढचा भाग तितकासा ठाऊक नसतो. हेन्री व्हाइटहेड नावाचा एक पाद्री स्नोचे म्हणणे खोडून काढण्याच्या इराद्याने चौकशीस लागला आणि चौकशीअंती स्वतःच त्याच्या बाजूचा झाला. पंपाला लागून असलेल्या घरात एक तान्हे मूल अतिसाराने दगावले होते. त्याची लुगडी धुतलेले पाणी आईने घरच्या मैलाखड्ड्यात ओतले होते. आणि तो खड्डा उकरून पाहिला तेव्हा त्याच्या विटा निखळलेल्या आणि विहीर अवघ्या काही हातांवर, असे दिसून आले. जुन्या गोव्यात जे घडले, तेच लंडनमध्येही घडत होते. फरक एवढाच की, लंडनमध्ये कोणीतरी खड्डा उकरून पाहिला.

स्नोला पाण्यातले विष दिसले, त्याचा कर्ता मात्र दिसला नाही. त्याच वर्षी इटलीत फ्लॉरेन्स येथे फिलिप्पो पाचिनी याने कॉलऱ्याने मेलेल्यांच्या आतड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे, स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू पाहिले आणि छापूनही काढले. पण कोणी लक्ष दिले नाही. तीस वर्षांनी रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ प्रथम ईजिप्तला आणि तेथून १८८३ च्या डिसेंबरात कलकत्त्यास आला. त्याने तो जंतू रुग्णांच्या आतड्यांतून वेगळा काढला, शुद्ध स्वरूपात वाढविला, आणि जिथले पाणी लोक पीत, जिथे स्नान करीत आणि कपडेही धूत अशा कलकत्त्याच्या एका तळ्यातही तो शोधून दाखविला. ‘व्हिब्रिओ कॉलरी’ हे त्याचे शास्त्रीय नाव.

अमुक जंतूमुळेच अमुक रोग होतो, हे सिद्ध करण्यासाठी कॉखने काही कसोट्या घालून दिल्या होत्या. जंतू प्रत्येक रुग्णात आढळला पाहिजे, तो शरीराबाहेर शुद्ध वाढविता आला पाहिजे, आणि तो निरोगी प्राण्यात घातला असता तोच रोग उत्पन्न झाला पाहिजे. गंमत अशी की, तिसऱ्या कसोटीला कॉलऱ्याचा जंतू उतरेना! प्राण्यांना तो पाजला तर काहीच होत नसे. या उणिवेचा फायदा म्यूनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर या थोर आरोग्यशास्त्रज्ञाने घेतला. जंतू एकटा काही करीत नाही, जमिनीचा आणि हवामानाचा दोष लागतो, असे त्याचे मत. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, या म्हाताऱ्याने जठरातील आम्ल मारण्यासाठी सोडा घेऊन वर कॉलऱ्याच्या जिवंत जंतूंचे पाणी घटाघट पिऊन टाकले. त्याला थोडेसे जुलाब झाले आणि तो बरा झाला.

पेटेनकोफर चुकला होता, तरी त्याच्या पेल्याने एक सत्य उघड केले. जंतू पोटात जाणे आणि रोग होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोणताही संसर्गजन्य रोग घ्या. जंतूला राहण्याचे ठिकाण हवे, तेथून बाहेर पडण्याची वाट हवी, प्रवासास वाहन हवे, दुसऱ्या शरीरात शिरण्यास दार हवे, आणि शिरल्यावर टिकाव धरता येईल असा यजमान हवा. हिवतापाचे वाहन डास, आपल्या सत्तरीतील माकडतापाचे वाहन गोचीड, क्षयाचे वाहन खोकल्यातून उडालेले तुषार. साखळीचा एक दुवा तुटला तरी साथ थांबते. आणि प्रत्येक रोगात कोणता दुवा तोडावयास सोपा, हे ओळखणे यातच निम्मे शहाणपण आहे. कॉलऱ्याचे वाहन पाणी, आणि त्या पाण्याने दूषित झालेले अन्न. रुग्णाच्या नुसत्या शेजारी बसल्याने तो होत नाही.

आता हा जंतू शरीरात करतो काय? पाण्याबरोबर गिळले गेलेले बहुसंख्य जंतू जठररसाच्या आम्लात मरतात. म्हणूनच निरोगी माणसाला रोग जडण्यास सहसा कोट्यवधी जंतू पोटात जावे लागतात. आम्ल कमी असेल त्याला थोडेही पुरतात. जे तगतात ते आपल्या एकुलत्या शेपटीच्या जोरावर पोहत लहान आतड्याच्या अस्तराला जाऊन चिकटतात. ते आतडे कुरतडत नाहीत, रक्तात शिरत नाहीत. ते तेथे बसून एक विष सोडतात. त्या विषाचा एक भाग अस्तराच्या पेशीला पकडतो आणि दुसरा भाग आत शिरून क्षार बाहेर सोडण्याची जी कळ असते ती उघडी करून ठेवतो. नळाची चावी उघडी टाकून कोणी ती काढूनच न्यावी, तसे होते. क्षार आतड्याच्या पोकळीत वाहू लागतात आणि क्षारांमागोमाग पाणी. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात. तीव्र रोगात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाते. शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके पाणी गेले की रक्त घट्ट होते, नाडी लागत नाही, डोळे खोल जातात, नखे काळवंडतात. कोरेयने लिहिलेली ती काळी नखे हीच. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्री तिरडीवर जातो. आणि हे सारे होत असताना आतड्याचे अस्तर बहुतांशी शाबूत असते! त्या मृताचे पोट फाडून गव्हर्नरच्या वैद्यांना काही सापडले नाही, यात नवल ते काय?

हे विषाचे गूढ उकलले ते एका भारतीयाने, आणि त्याचे नाव आपल्या शाळकरी मुलांना ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी तुटपुंज्या साधनांनिशी सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतू सोडले. तो भाग पाण्याने टम्म फुगला. पुढे १९५९ साली त्यांनी जंतू गाळून काढून टाकलेल्या नुसत्या द्रवानेही तेच घडते, हे दाखविले. कॉखला जी तिसरी कसोटी साधली नव्हती, ती पाऊणशे वर्षांनी अशी साधली. जगाने त्यांची दखल घेतली ती फार उशिरा. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने त्यांना एका परिसंवादास बोलाविले. १९८५ साली ते निवर्तले.

रोग म्हणजे पाणी आणि क्षार यांची गळती, हे एकदा समजल्यावर उपचार उघड होता; गेले तेवढे परत घाला. विल्यम ओशॉनेसी याने १८३१ मध्येच हे ताडले होते (हाच गृहस्थ पुढे हिंदुस्थानात आला आणि त्याने इथे तारायंत्राच्या तारा टाकल्या) आणि १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या टॉमस लॅटाने रुग्णांच्या शिरेत मीठपाणी सोडून पाहिले होते. पण शिरेतून सलाइन देण्यास सुई हवी, बाटली हवी, डॉक्टर हवा. गरिबाच्या झोपडीत यांपैकी काहीच नसते. १९६० च्या सुमारास असे आढळले की, साखर सोबत असली म्हणजे आतडे मीठ शोषून घेते, आणि मिठामागे पाणी येते. आणि हे दार कॉलऱ्याच्या विषानेही बंद होत नाही. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात निर्वासितांचे लोंढे सीमेवरील बनगावला आले आणि छावणीत कॉलरा पेटला. सलाइन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपांत भरले आणि रुग्णांच्या आयाबहिणींच्या हाती पेले दिले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा चारच्याही खाली आले. आज जगभर जी जलसंजीवनीची पाकिटे मिळतात, त्यांची ही खरी परीक्षा. महालनबीस २०२२ साली वारले. पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

ओर्ताच्या ग्रंथातील एक तपशील इथे आठवल्यावाचून राहत नाही. या रोगात देशी वैद्य रुग्णाला मिरी आणि जिरे घातलेली तांदळाची कांजी पाजतात, असे तो सांगतो. पायांना डाग देण्यासारखे अघोरी उपायही त्याने सोबत नोंदविले आहेत, तेव्हा पूर्वजांना सारे ठाऊक होते असा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. परंतु तांदळाच्या पिठापासून केलेली जलसंजीवनी कॉलऱ्यात जुलाबाचे प्रमाण कमी करते, हे अलीकडच्या प्रयोगांनीच सिद्ध केले आहे. तेव्हा पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, मीठ घातलेली पातळ पेज द्यावी, आणि दवाखान्याची वाट धरावी. वेळेवर उपचार मिळाले तर शंभरांत एकही रुग्ण सहसा दगावत नाही. न मिळाले तर तीव्र रोगात निम्म्याहून अधिक दगावतात. कॉलऱ्याने झालेला प्रत्येक मृत्यू हा म्हणूनच रोगाइतकाच व्यवस्थेचाही मृत्युलेख असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रोग कोणी आणला?

१८९२ साली जर्मनीच्या हाम्बुर्ग बंदरात कॉलरा शिरला आणि काही आठवड्यांत आठ हजारांहून अधिक माणसे मेली. बंदरात अमेरिकेस निघालेले रशियाकडचे गरीब स्थलांतरित, त्यांत ज्यू पुष्कळ, बराकींत राहत होते. दोष त्यांच्यावर आला, हे सांगावयास नकोच. परंतु हाम्बुर्गला लागूनच आल्टोना हे दुसरे शहर होते. इतके लागून की, दोहोंची सीमा एका रस्त्यातून जात असे. दोन्ही शहरे एल्ब नदीचेच पाणी पीत. आल्टोना तर हाम्बुर्गच्या खालच्या अंगाला, म्हणजे हाम्बुर्गचा मैला मिसळलेले पाणी घेणारे. तरीही रस्त्याच्या हाम्बुर्गकडील बाजूस माणसे मरत होती आणि आल्टोनाकडील बाजू जवळजवळ सुरक्षित राहिली. कारण आल्टोना ते पाणी वाळूच्या थरांतून गाळून पीत होते आणि धनाढ्य हाम्बुर्गच्या कारभाऱ्यांनी गाळणीचा खर्च वर्षानुवर्षे लांबणीवर टाकला होता. स्थलांतरित नसते, तर जंतू एखाद्या जहाजाच्या कप्तानाच्या पोटातूनही आला असता.

त्याच शतकात युरोपच्या दृष्टीने ‘भायले’ कोण होते? आपणच होतो. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने कॉलऱ्याचे माहेर गंगेचे खोरे आणि त्याच्या प्रसाराचे मोठे साधन यात्रेकरू, असा निर्वाळा दिला. मक्केचे हाजी आणि आपले यात्रेकरू सारखेच संशयित ठरले. त्या परिषदेचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे नाही. यात्रांतून पटकी पसरत होती, हे खरेच. परंतु ज्या सरकारने लक्षावधी यात्रेकरूंकडून कर घेतले आणि शुद्ध पाण्याची सोय केली नाही, त्याचे नाव निर्वाळ्यात कोठे होते? कुटबणच्या खलाशाकडे बोट दाखविताना हा इतिहास आपल्या स्मरणात असावा.

शिवाय, हाकलून लावावयाचे तरी कोणाला? ज्यांच्या पोटात हा जंतू जातो, त्यांतील बहुसंख्यांना एक तर काहीच होत नाही किंवा साधे जुलाब होतात. ते हिंडतात-फिरतात, कामावर जातात आणि काही दिवस त्यांच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडत राहतो. १९६१ पासून जगभर पसरलेल्या सातव्या साथीचा ‘एल तोर’ हा प्रकार तर याबाबतीत फारच हुशार. तो प्रथम १९०५ मध्ये सिनाईतील एल तोर या विलगीकरण ठाण्यावर सापडला, तोही कॉलऱ्याची लक्षणे नसलेल्या हाजींच्या शरीरांत. तेव्हा आजारी माणूस ओळखून त्याला दूर केल्याने ही साखळी तुटत नाही. ती तुटते एकाच ठिकाणी. मैला आणि पिण्याचे पाणी यांच्यामध्ये.

कुटबण जेटी साळ नदीच्या मुखाशी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील प्रदूषित नद्यांची जी यादी केली, तीत साळ नदीचा खारेबांद ते मोबोर हा पट्टा समाविष्ट होता. मडगावकडची घाण वाहून आणणाऱ्या त्या नदीच्या मुखाशी शेकडो माणसे ट्रॉलरांवरच जेवतात, झोपतात. पुरेशी शौचालये नाहीत, पिण्याच्या शुद्ध पाण्याची नीट सोय नाही, हे साथ आल्यावर सर्वांच्या ध्यानात आले. माणसे मात्र तिथे त्याआधीही होती. त्यांनी काढलेली बांगडे-इसवणाची मासळी आपल्या ताटात येत होती आणि त्यांच्या शौचाची व्यवस्था काय, हा प्रश्न आपल्या मनात येत नव्हता.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कॉलऱ्याचा जंतू माणसाबाहेरही जगतो. खाडीचे मचूळ पाणी त्याला मानवते. तेथील सूक्ष्म प्लवक जीवांच्या अंगाला चिकटून तो राहतो आणि पाणी तापले, प्लवक वाढले की तोही वाढतो. अमेरिकेच्या रीटा कोलवेल यांनी हे दाखवून दिले. त्यांनीच सहकाऱ्यांसह बांगलादेशातील खेड्यांत प्रयोग करून २००३ मध्ये असे प्रसिद्ध केले की, जुन्या सुती साडीच्या अनेक घड्या करून त्यातून पाणी गाळले, तर कॉलऱ्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरते. कारण जंतू सुटा निसटला तरी त्याचे वाहन घडीत अडकते. आपल्या घरांतील कळशीच्या तोंडावरचे ते फडके सर्वस्वी निरर्थक नव्हते, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ते उकळण्याची किंवा क्लोरीनची जागा घेऊ शकत नाही.

फडक्याचा विषय निघालाच आहे, तर सोवळ्याबद्दलही बोलले पाहिजे. आपल्या समाजाने शुद्धीचे केवढे अवडंबर माजविले! विहिरीवर कोणाची घागर लागावी आणि कोणाची लागू नये, याचे निर्बंध पिढ्यान्‌पिढ्या पाळले. पण त्याच विहिरीच्या वरच्या अंगाला शौचकूप खणताना कोणी पंचांग पाहिले नाही की अंतर मोजले नाही. स्पर्शाने विटाळ होतो असे मानणाऱ्या घरांतही जमिनीखालून चालणारा खरा विटाळ कोणाच्या लक्षात आला नाही. जंतूला गोत्र नसते. तो ब्राह्मणाच्या तांब्यात आणि खलाशाच्या डब्यात एकाच इमानाने राहतो.

आणि ही वाट जुन्या गोव्यात होती तशीच आजही आपल्या पायांखाली आहे. आपली जमीन जांभ्याची. चिरे काढणाऱ्याला विचारा, तो सांगेल की हा दगड भोकाभोकांचा, पाणी झिरपू देणारा. मोजक्या शहरी भागांत मैलावाहिन्या पोहोचल्या असल्या तरी गोव्यातील असंख्य घरे आजही सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा यांवरच अवलंबून आहेत. पूर्वी एका बागेत एक घर आणि एक विहीर असे. आज त्याच बागेत वीस सदनिकांची इमारत उभी राहते, विहीर तीच आणि शोषखड्डा कुंपणाला चिकटून. पावसाळ्यात भूजल वर येते आणि दोहोंमधले अंतर आणखी कमी होते. टँकरांनी उपसलेला मैला रात्रीच्या वेळी शेतांत आणि ओहोळांत सोडला जातो, अशा तक्रारी गावोगाव ऐकू येतात. विहिरीचे पाणी दिसावयास नितळ असते, चवीला गोड असते. पण कोटी जंतूंनी पाणी गढूळ होतेच असे नाही. ते तपासावेच लागते. प्रयोगशाळेत प्रत्येक रोगाचा जंतू शोधीत बसत नाहीत. माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यांत राहणारा इ-कोलाय हा जंतू शोधतात. शंभर मिलिलिटर पाण्यात तो एकही असता कामा नये. तो सापडला, तर मैल्याला विहिरीची वाट सापडली आहे, एवढे निश्चित. मग त्या वाटेने आज कावीळ येईल, उद्या विषमज्वर, परवा मोडशी. वर्षातून एकदा पोटॅशियम परमँगनेट टाकून विहीर तांबडी केली की काम झाले, ही जुनी समजूत आता सोडून दिली पाहिजे. ब्लीचिंग पावडर योग्य प्रमाणात घालून, लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहतो की नाही, हे पाहावयाचे असते. ती तपासणी पाच मिनिटांची आहे आणि पंचायतीचा शिपाईदेखील ती शिकू शकतो.

जून-जुलैची मासेमारीबंदी संपून १ ऑगस्टला हंगाम सुरू होतो. बंदीचे ते दोन महिने जेटीवर गर्दी नसते, ट्रॉलर नांगरलेले असतात आणि मत्स्योद्योग खाते, आरोग्य खाते, पंचायत आणि ट्रॉलरमालक या चौघांनाही एकत्र बसावयास सवड असते. किती खलाशी येणार, त्यांच्यामागे शौचालये किती, त्यांचा मैला कोठे जातो, पिण्याच्या पाण्याचे नळ किती, त्या पाण्यातील क्लोरीन कोणी आणि कोणत्या तारखेला मोजला, हे सहा-सात आकडे एका फलकावर लिहून तो जेटीच्या तोंडाशी, मासळीच्या लिलावाला येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा, लावावा. ट्रॉलरच्या परवान्याचे नूतनीकरण त्या आकड्यांशी जोडावे. कुटबणप्रमाणेच मालिम, वास्को, शापोरा येथेही तो फलक लागला पाहिजे. आणि जेथे तो कोरा राहील, तेथल्या आमदाराला त्याचे कारण विधानसभेच्या पावसाळी अधिवेशनात विचारले जावे.